दीड इंच माया

शकिला मुजावर टेप गुंडाळते माझ्या दंडाला,
आधी टेपकडं बघते, मग माझ्याकडं.
साडेचौदा.
आकडा ती मोठ्यानं बोलत नाही,
वहीत लिहिते, वहीवर हात ठेवते,
जसे डॉक्टर साखर सांगायच्या आधी थोडं थांबतात.

पापाच्या तिकटीमागच्या बोळात तिचं मशीन.
बाहेर कुणाची तरी मोपेड अडकलेली, तिचा हॉर्न.
आत आम्ही दोघी, एक डाग पडलेला आरसा
आणि पिशवीत माझे जुने ब्लाऊज,
सगळे एकाच जागी उसवलेले.

नववीत मला बघून
गोळाफेकीच्या सरांना केवढा आनंद झाला होता.
मला भरतकाम आवडायचं.
पोरं म्हणायची, बेटकुळी काढून दाखव.
काढायला लागायचीच नाही,
पाटीवर हात टेकला तरी दिसायची.

पुढं, बघायला आलेल्या बाई चहा संपवून म्हणाल्या,
"हाडापेरानं मजबूत आहे हो,"
आणि बशी अशी ठेवली
की आतल्या खोलीतसुद्धा नकार ऐकू गेला.

मग एक वर्ष काकडीवर काढलं.
रविवारी घरात तांबडा उकळायचा
आणि मी गॅलरीत बसून मूग चावायचो.
गाल बसले. वहिनी म्हणाली, आजारी दिसतीस.
दंड होते तिथंच होते,
वर आता शिराही दिसायला लागल्या.

बाळाक्का, वडलांची चुलतबहीण,
पहाटे गंगावेशीत म्हशी घेऊन यायची.
गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची,
चरवी गुडघ्यांत धरून,
आणि कोपरापासून खांद्यापर्यंत
कातडीखाली काहीतरी सरकायचं, संथ,
पाण्याखालून मासा जावा तसं.
तिला कुणी मजबूत म्हटलं नाही.
दूध चांगलं आहे, म्हणायचे.
चोळीला गाठ मारायची, म्हशी हाकायची, संपलं.

माझ्याकडं म्हैस नाही.
मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर बसतो, पट्ट्या लिहितो.
रवे हमाल उचलतात.
मी दिवसभरात जास्तीत जास्त उचलतो ते रजिस्टर.
चरवी आली नाही वाट्याला,
दंड तेवढे आले.

पुण्याची मावसबहीण हसते,
"तुमच्याकडे बायकासुद्धा येतो-जातो म्हणतात?"
म्हणतात.
मी पण म्हणतो.
ह्या बोलीत मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही.
ब्लाऊजातच व्हायचं.

"यंदा बाही आखूड कर," मी म्हणतो.
शकिला चष्म्यावरून बघते. "आखूड?"
"आखूड. कोपरापर्यंत लपवून
उन्हाळाभर घामच येतो नुसता."
ती खडू फिरवते. कापड उरेबात धरते,
ताणून बघते, सोडते,
काखेत कळी घालू म्हणते, हात वर गेला पाहिजे.
अठरा वर्षं मी तिला सांगत आलो, घट्ट बसव, बारीक दिसू दे.
तिनं ऐकलं. उसवलं. परत शिवलं.
पैसे दर वेळी घेतलेच असं नाही.

"आत दीड इंच माया सोडते."
"कशाला? आता काय बदल होणार हाय माझ्यात?"
"वाढलीस तर,"
ती म्हणते, दोरा दातानं तोडत.

मंगळवारी घालून बघितला.
हात वर केला, मागं नेला,
वरच्या फळीवरचा डबा काढावा तसा ताणला.
टाके काही बोलले नाहीत.
आरशात नजर अजून पहिली दंडावरच जाते.
जाऊ दे.
फिरून येते चेहऱ्यापर्यंत, वेळ लागतो.

शकिलानं वही काढली,
जुन्या आकड्यावरची रेघ खोडरबरनं पुसली,
साडेचौदा परत लिहिला, नीट, शाईनं,
इतर बायकांच्या मापांच्या ओळीत.

"येतो," मी म्हटलं.
"ये," म्हणाली,
आणि पायडलवर पाय ठेवला.